पुठ्ठा

गोंद्याला सातची गेटमीटिंग,
आणि विल्होळीच्या पुढे मागचा टायर फाटला.
बोटभर. आतली ट्यूब बेडकासारखी फुगून बाहेर.
गांगुर्डेनं सायकल उलटी केली, चाक काढलं,
टायरचा चमचा दातात धरून म्हणाला,
आतून काहीतरी जाड लाव.
ठिगळानं नाही भागायचं.

माझ्या पिशवीत स्पोकची चावी, दहाचा पाना,
वाळून गेलेलं सोल्युशन
आणि मजुरीवरचं ते पुस्तक,
युनियनच्या कपाटातलं, त्याच्याच सहीनं नेलेलं,
पुठ्ठा बुटाच्या तळासारखा.
मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं हात पँटला पुसला,
एवढा मान दिला,
आणि पुठ्ठा फाडला.

कात्री नव्हती. कडा डांबरावर घासून गोल केल्या,
नाहीतर ट्यूबला टोचतात.
पंप मारताना मी मोजत होतो, साठाला विसरलो.
वाडीवऱ्हेपर्यंत दर खड्ड्याला श्वास धरला.

पोचलो तेव्हा पत्रकं वाटून झाली होती.
रात्रपाळी सुटत होती.
आमचे हात त्यांच्याहून काळे,
म्हणून एकानं आधी आम्हालाच चहा दिला.

गांगुर्डेचे गुडघे गेले आता.
पुस्तक माझ्याकडेच आहे, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं.
सत्तेचाळिसाव्या पानाच्या पुढे गेलो नाही, खरं सांगतो.
कपाटात परतही केलं नाही.
पुठ्ठा कुठंय, असं कुणी विचारलं
तर सायकल उलटी करावी लागेल.