दंडाची पट्टी

परवा बेळगावात ट्रेनिंगला
पडद्यावर एक मूल दाखवलं.
बरगड्या, फुगलेलं पोट, डोळ्याच्या कडेला माशी.
मॅडम म्हणाल्या, हे आफ्रिकेतलं,
आपल्याकडे एवढं नाही.
मी वहीत उतरवून घेतलं: एवढं नाही.
चहाबरोबर दोन बिस्किटं होती.
एक खाल्लं, एक पिशवीत टाकलं.

लोंढ्याच्या पुढे रूळ ओलांडून
उतारावर अकरा घरं आहेत सिद्द्यांची.
इनासची आई फिलोमेन मला अक्का म्हणते.
माझ्याशी मराठी बोलते, पोरांशी कोंकणी,
फॉरेस्टच्या गार्डाशी कन्नड,
आणि कोंबडीशी कुठली ते मला अजून कळलेलं नाही.
तुमचे वाडवडील कुठून आले, हे विचारायला
वर्षातून एकदा कॅमेरेवाले येतात.
आज काय शिजवलंस, असं त्यांच्या कागदावर नसतं.

इनास तीन वर्षांचा.
वजनाचा काटा फणसाच्या फांदीला,
झोळीत तो, पाय लोंबकळत.
सुई नऊवर येते, थरथरते,
मग जराशी खाली सरकते,
चुकून वर गेल्यासारखी.
केसांची टोकं तांबूस झालीत त्याच्या.
वरच्या गावातल्या बायका म्हणतात, त्यांची जातच तशी.
जात काळ्या कुरळ्या केसांची आहे, बायांनो.
तांबडा रंग भुकेचा.

दंडाला पट्टी गुंडाळली.
अकरा, आणि वर दोन बारीक रेघा. लाल.
रजिस्टर कन्नडात, माझं अक्षर मराठी वळणाचं,
पण लाल कुणालाही वाचता येतं.
पुढे 'कारण' लिहायचा रकाना,
करंगळीएवढा.

अंडी माझ्याच हातून जातात, मोजून, सही घेऊन.
मागच्या बुधवारी पाणी मागायला दारात वाकले
तर फिलोमेन शिवणाचा दोरा दातात धरून
उकडलेलं अंडं कापत होती.
चार फाका. सारख्या.
बलकाचा कण सांडला नाही.
तीन पोरं, एक सासू.
तिच्या वाट्याला दोरा.
तो तिनं चोखला, पदराला पुसला,
आणि परत सुईच्या डबीत ठेवला.

मी ओरडले. हे त्याचं आहे, एकट्याचं,
त्याच्या नावानं लिहून आलंय!
ती म्हणाली, "बाकीची बघत असतात की, अक्का.
त्यांचे डोळे कुठं ठेवू?"

मग बराच वेळ चुलीकडे बघत सांगत राहिली.
आधी कणगी खणून आणायचो, कळकाचे कोंब,
ओढ्यातले खेकडे, झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी,
सासूला त्यातलं सगळं ठाऊक आहे,
कुठल्या वेलाखाली किती हात खोल.
आता बोर्ड लागलाय.
खणताना दिसलं की गार्ड पहार काढून घेतो.
पहार साडेतीनशेची.

निघताना तिनं थट्टेनं हात पुढे केला.
"माझा पण माप की."
सहावा महिना तिला.
बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत घसरत गेली.
पट्टी लालवरून पुढे गेली, पिवळ्यावरून पुढे गेली,
एकोणीसवर थांबली.
"बघ, हिरवीगार!"
ती हसली, सासूला हाक मारून दाखवलं.
ती पट्टी पाच वर्षांच्या आतल्यांची आहे.
हे मी बोलले नाही.
बोलायला हवं होतं.

पिशवीत रजिस्टर कोंबताना बिस्किट हाताला लागलं,
मऊ पडलेलं, कडेला चुरा.
इनासला दिलं. खा, म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर.
त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं,
वास घेतला,
आणि दोऱ्यासाठी आईकडे पाहिलं.