ळ

महाप्याच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
रंजिता मढवी तीन वर्षं
प्रत्येक ळ जपून उच्चारायची,
काचेचं भांडं दोन्ही हातांनी ठेवावं तसा.

पहिल्याच आठवड्यात ती ‘डोला’ म्हणाली होती,
दुखतोय म्हणून.
हसणाऱ्यांत मी होतो.
मोठ्यानं नाही. पण होतो.

पुढं लिफ्टपाशी पोस्टर लागलं,
‘जसे आहात तसे या’.
ती आली, आम्हाला चालेल तशी.
डब्यात भेंडी.
घरचा फोन आला की जिन्यात.

मार्चअखेरच्या रविवारी रात्री अकराला
सर्व्हर बसला, आणि तिचा फोन वाजला.
जिन्यात जायला वेळ नव्हता.
‘नाय गो आये, जेवली नाय. काम हाय.
जवला ठेव मना थोरा.’
एका हातानं टाइप करत, खांद्यावर फोन,
आणि आवाज अख्खा.
तीन वर्षं शेजारच्या खुर्चीत
मी तो ऐकलाच नव्हता.

मग खिडकीतून खाली बघत म्हणाली,
‘त्या दुचाकींच्या शेडखाली
माझ्या आज्याचं खाचर.’
वॉशरूम कुठंय ते सांगावं, इतकं सहज.

सकाळी मी मायक्रोवेव्हवरची चिठ्ठी काढली,
‘कृपया मासे गरम करू नयेत’.
नखानं खरवडत. गोंद राहिलाच.
खाली सही माझी होती.

एक वाजता ती डबा घेऊन आली.
त्या गोंदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
‘आज सोमवार हाय,’ म्हणाली,
आणि भेंडी गरम करायला ठेवली.