लाभ, दोन, तीन

अंबाजोगाईत रात्री अकराला वीज जाते
तेव्हा मी आधी फ्रीझरकडे धावते, मग मेणबत्तीकडे.
उणे ऐंशीत झोपलेत दोन हजार तीनशे लोक,
बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत.
काहींच्या झाकणांवर अजून माझंच अक्षर,
पंचवीस वर्षांपूर्वीचं, तिरकं, घाईचं.
जनरेटर खोकतो, मग लागतो.
डिझेलचं बिल मी कुठल्या रकान्यात टाकते
ते लेखापरीक्षकाला कळू नये.

नळी चारशे सतरा. नागनाथ, मापाडी, परळीचा मोंढा.
काविळीच्या पाहणीत दंड पुढे करून म्हणाला होता,
घ्या बाई, माप तेवढं चोख घ्या.
त्याचं मोजणं मी ऐकलं होतं:
लाभ, दोन, तीन...
एक म्हणायचंच नाही, पहिलं माप लाभाचं.
तेव्हापासून नळ्या मीही तशाच मोजते.
हाताखालची पोरं हसतात.

पाच वर्षांनी पोट घेऊन आला.
डोळ्यांत करडईच्या तेलाचा रंग,
गळ्यात कुणी घातलेली काविळीची माळ.
ती लांबत बेंबीपर्यंत आली की आजार उतरतो म्हणे.
माळ उतरत होती. पोट चढत होतं.
मी दुसरी नळी भरली.
तिसरीला तो नव्हता.

यंदा कुठे पैसे आले, यंत्र आलं
आणि चारशे सतरा बोलली.
विषाणू बहुधा आईकडून आलेला, बाळंतपणातच,
चाळीस वर्षं काळजात मुक्कामाला.
(यकृत हा शब्द मला कधी घरचा वाटला नाही.
आमच्या खाटकाकडे काळीज मागितलं
तर तो यकृतच तोलून देतो.)
आणि दुसऱ्या नळीत, एका जनुकात,
दोनशे एकोणपन्नासाव्या जागी
एकच अक्षर बदललेलं:
बुरशीच्या शेंगांची खूण.
दाणा खवट आहे का, जिभेवर टाकून सांगायचा तो.
त्याच्या जिभेवर सगळ्या मोंढ्याचा विश्वास होता.

लेखात तो 'रुग्ण ४१७, पुरुष, वय ४३'.
तीन परीक्षकांनी छान म्हटलं,
एकाने स्वल्पविराम बदलला.

मथुराची, त्याच्या लेकीची, तपासणी करून घ्या,
तिच्या बाळाला जन्मल्या दिवशीच लस द्या
हे सांगायला मी घाट उतरून गेले.
प्रयागबाईने सगळं ऐकलं. तांब्या पुढे सरकवला.
"ते करू की. पर लोक म्हनायलेत, पेऊन मेला.
ईस वर्सं म्हनायलेत.
पोरीच्या लग्नात बी म्हनले, मांडवात.
थेंब शिवला न्हवता मानूस.
तुमाला घावलंय ना? मंग लिहून द्या."

मी सांगू लागले
की रक्त विषाणू लक्षात ठेवतं, बुरशी लक्षात ठेवतं,
न प्यायलेली दारू मात्र
कुठल्याच रक्तात सापडत नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली.
शेळी दोराला ओढ देत होती.

परत येऊन चार मसुदे फाडले.
पाचवा असा:
"कै. नागनाथ यांच्या आजारास
जन्मापासूनचा विषाणू व बुरशीचं विष
ही कारणं पुरेशी आहेत.
मद्यपानाचं कारण गृहीत धरण्याची गरज नाही."
खाली सही, डॉ. तहसीन इनामदार, आणि शिक्का,
जो खरं तर फक्त खरेदीच्या कागदांवर मारायचा असतो.

मथुराने वाचून दाखवलं, अडखळत, दोनदा.
म्हातारी म्हणाली, "म्हंजे पेत न्हवता?"

आयुष्यभर मी 'बहुधा' म्हणत आले.
'असावा', 'दिसते', 'आणखी नमुने हवेत'.

हो, म्हटलं. पीत नव्हता.

तिने कागद पदरात बांधला, लगेच सोडला,
पुन्हा घडी घातली.
मग विचारलं, इथून जवळ झेरॉक्स कुठं हाय,
एक दिराला धाडायचाय,
गंगाखेडला.