असावे

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळी-लिलावाची शेड व्हायची आहे.
तिचं पुस्तक मी लिहितेय: एकशे बारा पानं,
माणूस एकही नाही त्यात,
एकही क्रियापद अजून घडून गेलेलं नाही.

चिरा असावा एकजीव, पोटात माती न धरलेला,
ठोकला की खणकन बोलणारा.
वाळू असावी नदीची. खाडीची नसावी.
सळई असावी समुद्राच्या बाजूने
पन्नास मिलिमीटर आत.

पन्नास म्हणजे माझ्या अंगठ्याएवढं.
तेवढ्या अंतरावर मिठाने थांबून राहावं
पुढची चाळीस वर्षं,
असं कलम सहा-चारमध्ये
मी मिठाला कळवलं आहे.

रंग अमुक कंपनीचा किंवा समतुल्य.
एवढ्याशा 'किंवा'तून
भरलेला डंपर जातो, हे मला ठाऊक आहे.

इनास मेस्त हसला.
मागच्या जेटीचं पुस्तक त्याने पाहिलंय:
सिमेंटच्या गोणींखाली अंथरलं होतं, ओल चढू नये म्हणून.
शेजारच्या बांधकामावर ढीग पडला होता,
त्यातली चिमूट त्याने जिभेवर ठेवली, थुंकला.
"बाये, ही रेंव खाडयेतली."
पावतीवर नदीचं नाव होतं. शिक्काही होता.

त्या रात्री मी कलम वाढवलं:
'प्रत्येक खेपेची वाळू जाणत्या गवंड्याने चाखून पाहावी.'
आठवड्याने लाल शाईत परत आलं:
चाखणे ही प्रमाणित चाचणी नाही.
बरोबरच आहे.
जिभेला कॅलिब्रेशनचा दाखला कोण देणार?
मी क्लोराइडची टक्केवारी घातली,
प्रयोगशाळा कोल्हापूरची, अहवाल एकवीस दिवसांत.

तोवर स्लॅब पडलेला असतो.

आपल्या भाषेत एक गोची आहे.
'असावी' म्हणजे असलीच पाहिजे.
'असावी' म्हणजे असेल बहुधा, पाहिली कुणी?
सळई पन्नास मिलिमीटर आत असावी.
फळ्या काढल्यावर
कोण सांगणार, ह्यातली कुठली?
जुन्या जेटीच्या खांबांवर तांबूस ओघळ आहेत,
त्यांना टेकून बायका सुरमईची बोली लावतात.

परवा छापील प्रत इनासला दिली.
उघडली नाही त्याने.
तळहातावर तोलली,
मग बोटाच्या पेराने ठोकून
कान लावला.