मोजमाप, सदर बझार

टेपचं एक टोक मुनाफ आतारने धरलं,
दुसरं मी.
दर्शनी भिंत एकोणचाळीस फूट सात इंच.
खाली आपल्याच डोंगरातला काळा दगड,
वर लाकडी पट्ट्यांची उभी-आडवी नक्षी,
आणि नख लावलं तर कळतं, लाकूड नाहीच,
चुन्यावर ओढलेलं डांबर.
कुणाला तरी घरची फार आठवण येत होती.

दारं दोन. एकाला पितळी मूठ,
दुसऱ्याला नुसती कडी.
साहेबांचं आणि सोल्जरांचं, मुनाफ म्हणाला,
त्याला आजोबांनी सांगितलेलं.
तिसरं नकाशात नाही.
ते मागे आहे, कमरेएवढं;
तिथून बर्फ आत यायचा, रिकाम्या बाटल्या बाहेर,
आणि माणूस वाकून.

शेकोटीची रुंदी पाच फूट.
एवढी थंडी साताऱ्यात कधी पडली?
धुराड्यात सातेरी माश्यांचं पोळं आहे,
म्हणून उंची अंदाजे लिहिली.

दारावरच्या पट्टीत हॉप्स कोरायला सांगितले असणार,
बिअरला कडूपणा देणारी ती फुलं.
पाथरवटाने जन्मात पाहिली नव्हती.
कागदावर कुणी खवले खवले काढून दाखवले असतील,
त्याने मान डोलावली
आणि सीताफळं कोरली.
सात. त्यातलं एक उकललेलं,
बियांसकट.

काउंटरच्या सागवानावर आता मुनाफची कात्री, खडू,
कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा सफारी.
पिणाऱ्यांच्या बाजूची फरशी सपाट,
लेव्हलचा बुडबुडा मधोमध.
आतल्या बाजूला मात्र खळगा,
दोन पावलांचा, बोटभर खोल.
तिकडचे येत, बदलून जात, बोटीत बसत.
हा इथेच उभा.

चप्पल काढून मी उभी राहिले त्यात.
गार लागलं.
तिथून मान न वळवता दोन्ही दारं दिसतात.
बांधणाऱ्याने ते हिशोबाने केलं होतं.
तिसरं पाठीमागे,
तिथून वारा येतो नुसता.

"पाडणार का, मॅडम?"
मी फक्त मोजते, म्हटलं.
त्याने टोक सोडलं,
टेप सरसरत आली आणि अंगठ्यावर बसली.

फॉर्मवर रकाना होता : शैली.
इंग्रजी, असं लिहून झालं होतं.
झीज, या रकान्यात जागा अपुरी पडली.