खाल्ल्या मिठाला

आर्नुल्फोनं माझ्या हँडलवर
पांढरी चिकटपट्टी लावली
आणि बॉलपेननं लिहिलं:
वीस मिनिटं, घोट. चाळीस मिनिटं, घास.
खाली, अक्षर बारीक करून:
भूक लागली म्हणजे उशीर झाला.

एकसष्ट वर्षांचा. होंडा गावात ट्रकची पंक्चरं काढतो.
चारशे किलोमीटरांत चाळीस वाक्यं बोलतो,
त्यातली तीस जेवणाबद्दल.

पहाटे तीनला निघालो.
मागदालेना नदी अंधारात नुसत्या वासावरून कळत होती.
त्याच्या खिशात पानात गुंडाळलेल्या पेरूच्या वड्या,
मीठ चोळलेले उकडलेले बटाटे,
बाटलीत गुळाचं पाणी, लिंबू पिळलेलं.
मला ते चिकट गोड नको होतं.
नदीकाठचा सपाट दीडशे किलोमीटरांचा फेरा,
सूर्य वर आला तशी खोऱ्याची भट्टी झाली,
काळ्या जर्सीवर मिठाचे नकाशे उमटले,
आणि मी साधं पाणी पीत राहिले,
एक बाटली, तिसरी, सातवी,
घामाचं कर्ज फेडत होते
चुकीच्या नाण्यात.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे ठाऊक होतं.
विहीर अळणी असते
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मारिकितापाशी डोकं दगड झालं.
पोटात पाणी डुचमळत होतं,
पिशवीत मासा हलावा तसं.
त्यानं माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे पाहिलं.
'अंगठी फिरव.'
फिरेना. मांसात रुतलेली.
'तू बुडते आहेस,' तो म्हणाला,
'भर रस्त्यात, कोरड्या कपड्यांनिशी.'
आणि माझ्या बाटल्या काढून घेतल्या.

दोन्या एउलोखियाच्या खाणावळीत
कुणी विचारलं नाही काय हवं.
वाडगा समोर आला: बटाट्याचा रस्सा,
वर कोथिंबीर, तळाशी बरगडीचं हाड,
इतका खारट की घरी असता तर
स्वयंपाक करणाऱ्या नवऱ्याशी भांडले असते.
हाड चोखलं. सावलीत तासभर पडून राहिले.
दोनदा मागच्या आडोशाला जाऊन आले;
तो तेही मोजत होता.

मग चढ. ऐंशी किलोमीटर नुसता चढ.
दहाव्या तासाला गोडाचा वीट येतो,
जीभ संपावर जाते.
फ्रेस्नोला भाताचा तामाल घेतला,
चालत्या सायकलीवर अर्धा अर्धा,
श्वास आणि घास
एकाच दारातून आळीपाळीनं.

वर धुकं. लोकरी पानांची झाडं
दिव्याच्या उजेडात माणसांसारखी उभी.
थंडीत तहान लपून बसते,
पट्टीवरची शाई पसरली तरी मी वाचत होते:
घोट. घास. घोट.

खिंडीच्या सहा किलोमीटर अलीकडे
आर्नुल्फो मला मार्था म्हणाला.
मी मार्था नाही. मी येसेनिया.
त्याचं चाक रस्त्यावर काहीतरी गिरवत होतं.
मी त्याला थांबवलं, खिसे चाचपले,
पेरूच्या सात वड्या जशाच्या तशा.
त्याच्या हँडलवर पट्टीच नव्हती.
ज्याला सगळं पाठ
त्याला कोण आठवण करणार?
माझे घास मोजता मोजता
त्याचे मोजायचे राहिले होते.

बोटं बधिर, पान दातांनी फाडलं,
वडी त्याच्या ओठांशी धरली. 'चाव.'
चावला, म्हाताऱ्या बैलासारखा
दूर कुठेतरी बघत.
दुसरी. वर गुळाचे चार घोट.
दहा मिनिटं आम्ही रस्त्याकडेला उभे होतो,
एक दुधाचा टँकर हॉर्न देऊन गेला.
मग त्यानं स्वतःच पाय पेडलवर ठेवला.

खाल्ल्या मिठाला माणसं जागोत न जागोत,
पाय जागतात.

खिंडीत पाटीला हात लावून तो म्हणाला,
'मानिसालेसला इतक्या रात्री काय मिळेल खायला?'
एकतिसावं वाक्य.
मार्था कोण, मी विचारलं नाही.
उतारावर तोंड उघडलं की वारा शिरतो.
हातमोज्याच्या आत, दर वळणावर,
मी अंगठ्यानं अंगठी ढकलून पाहत होते.
फिरत होती.