इतिवृत्तात न आलेलं

समन्वय बैठक. दिघा, विभाग कार्यालय, दुसरा मजला.
वेळ अकराची, सुरू सव्वाबाराला.
मी इतिवृत्त लिहिते, अकरा वर्षं झाली.
भांडण झालं की लिहायचं, 'सविस्तर चर्चा झाली'.

टेबलावर नकाशा. लाल रेघ सिडकोची,
निळी एमआयडीसीची, हिरवी आमची.
नाल्याला रंगच नाही.
काठावरची चाळीस घरं
पत्र कुणाला लिहावं ते न कळून
तिघांनाही लिहितात. तिन्ही पत्रं माझ्याकडेच येतात.

मंगळवारी रात्री अडीचला मोठी लाइन फुटली.
पाणी उंबऱ्यावरून आत, पाण्यात विजेची तार.
आशाताई शेवंता भगतनं हेल्पलाइन नाही लावली,
वायरमन कोळेकरांना लावला फोन,
त्यांच्या नातवाला डोस तिनंच पाजलेला.
कोळेकरांनी आदेशाविना फीडर पाडला.
हवालदार तडवी म्हणाले, हद्द आमची नाही,
आणि एवढं म्हणून मोटारसायकल काढली.
व्हॉल्व्ह एमआयडीसीचा, चावी आमच्या जोमा मढवीच्या खांद्यावर.
बसली.
"बसतेच," जोमा म्हणाला, "लोखंडाला काय ठाऊक खातं?"

काळोख होता, म्हणून गोदाम उघडून
बॅटरी मीच दिली. डेड स्टॉक क्रमांक सत्तेचाळीस.

आज प्रश्न असा, की लेखी सूचनेशिवाय
फीडर कोणी बंद केला?
कोळेकर पंख्याकडे बघत राहिले.
तडवींच्या बुटांना अजून तो गाळ होता,
तो त्यांनी खुर्चीखाली घेतला.
जोमाला आज पाण्याची पाळी होती म्हणे.
शेवंता निमंत्रितांच्या यादीतच नाही,
ती खाली जिन्यात कुणाच्या तरी गोळ्या मोजत बसलेली.
साहेब म्हणाले, कार्यपद्धती ठरवू, समिती नेमू.
मी लिहिलं:
'सर्व यंत्रणांमध्ये समन्वय साधण्यात यावा.'
यावा. दर वेळी यावाच.
आला होता एकदा, मंगळवारी, गुडघाभर पाण्यातून,
पण त्याला जावक क्रमांक नव्हता.

आता ऑडिटवाले विचारतात, सत्तेचाळीस कुठे आहे?
कोळेकरांकडे नाही. त्यांनी ती शेवंताला दिली,
नाल्याकडेच्या वाटेला दिवा नाही म्हणून.
दिवा कोणी लावायचा ते पुढच्या बैठकीत आहे, विषय क्रमांक नऊ.

शेऱ्याच्या रकान्यात
'गहाळ' लिहून खोडलं,
आणि लिहिलं, वापरात.